फेट्याखालचं घमेलं

ऑफिसात ओल्या कागदावरचे कोंब मोजत होते, तेवढ्यात मोबाइल थरथरला आणि अण्णा फेटा बांधून समोर आले. गुलाबी फेटा, काळा कोट, कोटाच्या खिशाला पेन. माझ्या लग्नात व्याह्यांनी पुढे केलेला फेटा ज्यांनी "डोस्कं आवळतंय, विचार करता येत न्हाई" म्हणून तसाच परत दिला होता, ते माझे वडील मरून आठवडा झाला नाही तोच असे नटून आले होते. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'कै. मार्तंडराव गाडेकर, सुप्रसिद्ध बांधकाम ठेकेदार व प्रगतशील शेतकरी'. आणि त्याच्या खाली माझ्या धाकट्या भावाचा, सोमेश्वरचा निरोप : 'ताई, दहाव्याला चौकात लावायचंय. नाव बराबर आहे का बघ जल्दी.' नाव बरोबर होतं. बाकी सगळं खोटं होतं. नवीन जालन्यातल्या या बियाण्यांच्या कंपनीत माझं काम म्हणजे किती दाणे उगवले, किती मेले, किती वेडेवाकडे आले ते बघायचं. तेवढं मला चांगलं जमतं. लग्न झालेल्या लेकीचं सुतक लवकर फिटतं म्हणून मी कामावर परत आले होते, आणि समोर ट्रेमध्ये शंभरातले पाचसहा कोंब मान टाकून पडले होते, आणि मला ते पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले, कारण आकडा डोक्यात राहीना.

मी फोटो बोटांनी मोठा केला. अण्णांचं हसू खरं होतं, तेवढं कुणी बदललं नव्हतं. पण फेट्याच्या तुऱ्यामागून दोन बोटं डोकावत होती. सिमेंटनं पांढरी पडलेली, नखं झिजलेली दोन बोटं. मायची. मग सगळा फोटोच ओळखू आला, कारण तो मीच काढला होता. गावातल्या तुळजाबाईच्या घराचं काम चाललं होतं तेव्हाचा. माय वर परांचीच्या फळ्यांवर, एका हातात थापी. खाली अण्णा, डोक्यावर सिमेंट-वाळूच्या मालानं भरलेलं घमेलं. माय वाकून घमेल्याची कड धरतेय आणि अण्णा मान न हलवता नुसते डोळे वर करून हसताहेत. सोमेशनं त्यातली माय कापली होती, घमेलं पुसलं होतं, त्या जागी फेटा ठेवला होता, आणि पुसता पुसता तिची दोन बोटं तेवढी राहून गेली होती. मला आधी हसूच आलं. मग जो राग आला तो अजून गेलेला नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

अण्णा पावसाळ्यात शेतकरी असायचे आणि दिवाळी सरली की मिस्त्री. कुंभार पिंपळगावच्या अलीकडे आमची थोडी जमीन, त्यात कापूस, सोयाबीन, विहिरीच्या कडेला मोसंबीची चार झाडं. दोन्ही कामांत ते सारखेच भांडखोर होते. बांधाशी वाकडा नांगर घालणाऱ्या शेजाऱ्याशी जसे भांडत, तसेच घराच्या मालकाशी, "पैसा तुमचा हाय, भिंत माझी हाय" म्हणून. माय लग्न होऊन आली तेव्हापासून त्यांच्या हाताखाली घमेलं वाहायची. बायकांनी घमेलं वाहायचं, विटा द्यायच्या, पाणी मारायचं. थापी धरायची नाही. असं कुणी कुठं सांगितलेलं नाही, पण साऱ्या तालुक्यात तसंच आहे. बाईच्या हातची भिंत उभी राहत नाही म्हणतात. मग एका सुगीत सोयाबीन काढताना मळणीयंत्रानं अण्णांच्या उजव्या हाताची बोटं नेली. शेतानं मिस्त्रीचा हात खाल्ला, असं गावात बोललं गेलं. दवाखान्यात मी आणि सोमेश रडत होतो आणि हा माणूस पट्टी बांधलेला हात छातीशी धरून मायच्या हातांकडे टक लावून बघत होता. "तुझे दोन्ही हात धड हायेत ना?" त्यांनी विचारलं. माय म्हणाली, "हायेत की." "मंग झालं. माझं डोस्कं अन् तुझे हात." मायला वाटलं गुंगीत बोलताहेत. मला मात्र त्यांचा चेहरा आठवतो. भांडण सुरू करायच्या आधी तो जसा व्हायचा तसा झाला होता.

पहिली भिंत आमच्याच गोठ्याची. अण्णा खाली उभे, माय विटा लावतेय, आणि अण्णा पायानं ढकलून थर पाडताहेत. "पुन्यांदा." परत लावला, परत पाडला. तिसऱ्यांदा मायनं थापी त्यांच्या अंगावर फेकली. "तूच बांध मंग!" "बांधलं असतं. बोटं दे." मग दोघंही त्या पडक्या विटांवर बसून हसत सुटले, आणि मी दारातून बघत होते, आणि मला वाटलं होतं की नवरा-बायको असं काही असेल तर लग्न करायला हरकत नाही. गोठा उभा राहिला. पण गाव ते गाव. मालानं भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन मार्तंड मिस्त्री बायकोला वर देतोय, हे बघायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून यायचे. भावकीतले काकासाहेब, ज्यांचा दुमजली बंगला अण्णांनीच बांधलेला, मोटरसायकल थांबवून म्हणाले, "काय मार्तंडा, बायकोचा बिगारी झालास म्हणं?" अण्णांनी घमेलं खाली ठेवलं नाही. "हळू बोला मालक. मिस्त्रीण ऐकंल. लई कडक हाय, हजेरी मांडायची न्हाई माझी." काकासाहेब हसले, पण त्यांना ते आवडलं नव्हतं. टोमणा मारणाऱ्याला समोरचा खजील झालेला हवा असतो, आणि अण्णा काही केल्या खजील होईनात. त्या वर्षी कुणीच काम दिलं नाही. सोमेशनं कॉलेज सोडून पिंपळगावात सिमेंटचं दुकान टाकलं ते तेव्हाच, आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांनी बापावरून त्याला काय काय ऐकवलं ते मला ठाऊक आहे. त्याचाही राग खराच आहे. पण तो चुकीच्या माणसावर आहे.

काम दिलं तुळजाबाईनं. नवऱ्यामागे एकटीनं राहणारी, तोंडाची फटकळ, सगळ्या गावाशी उभा दावा. "पुरुषांनी बांधलेलं घर पहिल्या पावसाला गळलं माझं," ती म्हणाली, "आता बाईनं बांधलेलं गळलं तर गळलं." चौकट बसवायच्या दिवशी मालकानं मिस्त्रीला टॉवेल-टोपी द्यायची, नारळ फोडायचा, अशी आमच्याकडची रीत. तुळजाबाईनं स्वतः चौकटीला हळद-कुंकू लावलं, विधवेनं लावू नये म्हणणारं तिथं कुणी येणारच नव्हतं. आणि मग टोपी हातात घेऊन ती घोटाळली. टोपी अण्णांच्या पुढे केली. अण्णा दोन पावलं मागं सरले. "मी बिगारी हाय. टोपी मिस्त्रीची." मायला वाटलं चेष्टा करताहेत. त्यांनी ती पांढरी टोपी घेतली आणि मायच्या डोक्यावर, पदरावरून, नीट दाबून बसवली. माय लाजून लाल. पण तिनं ती काढली नाही, दुपारच्या भाकरीपर्यंत तशीच घालून विटा लावल्या. फोटो त्याच दिवसाचा होता, टोपी नेमकी काढल्यानंतरचा. अण्णांच्या पासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांना इतकं सुखी मी दुसऱ्या कुठल्या दिवशी पाहिलं नाही. आणि सोमेशला श्रद्धांजलीसाठी नेमका तोच फोटो मिळाला, कारण दुसऱ्या कुठल्या फोटोत अण्णा हसतच नाहीत.

फोटोच्या कोपऱ्यात दुकानाचं नाव होतं. दुपारच्या सुटीत मी स्टेशनरोडच्या त्या फ्लेक्सच्या दुकानात गेले. संगणकावर प्रेम नावाचा माणूस बसला होता, डोळे तांबारलेले, समोर चहाचा थंड कप. मी मोबाइल पुढे करताच तो म्हणाला, "ताई, फेटा भगवा करून देऊ का? गुलाबी आवडला न्हाई का?" त्यानं एक फोल्डर उघडून दाखवलं. त्यात फेटे होते, कोट होते, नेहरू शर्ट होते, माणसं नव्हती. हाच काळा कोट, हेच पेन. आपल्या जिल्ह्यातली निम्मी मयत माणसं हा एकच कोट घालून चौकाचौकात उभी आहेत, हे तोपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. "मूळ फोटो काढ," मी म्हणाले. त्यानं काढला. परांची, विटा, घमेलं, माय. प्रेम जरा वेळ बघत राहिला. "फोटो झकास हाय. पण ताई, मेलेल्या माणसाच्या डोक्यावर घमेलं चांगलं दिसतं का? समाजात काय म्हणतील?" मी म्हटलं, "जिवंतपणी जे म्हणत होते तेच म्हणतील. हाच फोटो छाप. पूर्ण. आणि ते ठेकेदार काढ." "मंग काय लिहू?" मी सांगितलं : मार्तंड मिस्त्री, गवंडी, शेतकरी आणि नंदाबाईंचे बिगारी. त्याची बोटं कीबोर्डवर थांबली. "बिगारी लिहू? नक्की?" "नक्की." त्यानं लिहिलं, आणि मग, मला वाटतं धंद्याची सवय म्हणून, फोटोभोवती झेंडूचा हार टाकला. हार अण्णांबरोबर मायच्याही भोवती पडला. तेव्हा मी एवढ्या तोऱ्यात होते की ते मला दिसलं नाही.

सोमेशला दिसलं. प्रेमनं नमुना पाठवल्याबरोबर त्याचा फोन आला. "ताई, येडी झाली का तू? मायला हार घातलास? जित्या बाईला?" मी पडद्याकडे बघितलं, हार खरंच मायच्याही भोवती होता. दुकानासमोरून रिक्षा जात होत्या, कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता. "बरं, हार काढते," मी म्हणाले, "पण फोटो हाच." "हार काढला म्हणून काय झालं? श्रद्धांजली लिव्हलंय वर. अन् घमेलं? लोक काय बोलून राह्यलेत माहीत हाय का तुला? मायनं अण्णाला राबवून मारला म्हणून राह्यलेत. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर घमेलं दिलं अन् स्वतः वर थाटात बसली, म्हणतात. अन् तू तेच घमेलं चौकात लावणार? मी फेटा कशासाठी घातला? अण्णासाठी? मायसाठी घातला मी!" त्याचा आवाज फुटला. तो रडत होता. मला त्याची दया आली आणि त्याच वेळी त्याला एक लगावावीशी वाटली. "घमेलं लपवलं की लोकांचं खरं ठरतं," मी म्हणाले, "लपवायसारखं काही होतं असं आपणच कबूल करतो, सोमेश." त्यानं फोन ठेवला. प्रेमनं माझ्याकडे न बघता विचारलं, "छापू का थांबू?" हारासकट छाप, मी म्हणाले. का म्हणाले, ते मलाही नीट सांगता येणार नाही. एकदा काढायला लागलं की काय काय काढावं लागेल, याची मला धास्ती वाटली असावी.

ऑफिसात रजा कळवून, गुंडाळलेला फ्लेक्स मांडीवर उभा धरून मी गावाकडच्या जीपमध्ये बसले. अंबडच्या पुढे वारा गरम होत जातो. बाजूला कापसाच्या वाळक्या पराट्यांची शेतं, आणि माझ्या डोक्यात एकच दुपार पुन्हा पुन्हा. अण्णा गेले ते कामावरच. एका घराची मागची भिंत चालली होती. जेवण झालं, अण्णांनी माल कालवला, चार घमेली वर दिली आणि म्हणाले, "जरा पडतो." भिंतीच्या सावलीत टॉवेल तोंडावर घेऊन आडवे झाले. माय वर विटा लावत राहिली. कालवलेला माल संपला तेव्हा तिनं खाली बघून चहाला हाक मारली. तिनं हे सगळ्यांना जसं झालं तसं सांगितलं, काही न लपवता, आणि तिथंच तिचं चुकलं असं भावकीचं म्हणणं. नवरा खाली मरून पडला आणि ही वर विटा रचत बसली. कुणी कुणी विचारलंसुद्धा, अगं, मधे एकदा तरी वळून बघायचं. माय म्हणाली, "माल भिजवलेला व्हता. वाळला असता." हे उत्तर ऐकून बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मला ते उत्तर कळतं. अण्णांनी दुसरं उत्तर चालवूनच घेतलं नसतं. भिजवलेला माल टाकून उठणाऱ्या माणसाला ते माणसात धरत नसत. तरीही त्या जीपमध्ये, घाम गळ्यावरून खाली उतरत असताना, मला तो थर दिसत होता. अण्णांचा श्वास जेव्हा थांबला तेव्हा मायच्या हातात कुठली वीट होती? त्यांनी हाक मारली असेल का? हात वर केला असेल का, तो तुटक्या बोटांचा? मला हे मायला विचारायचं नव्हतं आणि विचारल्यावाचून राहवत नव्हतं. आणि वर मी तिचा हार घातलेला फोटो मांडीवर घेऊन निघाले होते, तिला न विचारता. सोमेशनं निदान तिला झाकलं होतं. मी तिला चौकात उभी करायला निघाले होते, स्वतःचा राग शमवायला. एकदा वाटलं, फ्लेक्स जीपमध्ये विसरल्यासारखं करावं. पण विसरण्याइतका तो लहान नव्हता, आणि शेजारच्या बाईनं तर उतरताना स्वतःच तो माझ्या हातात दिला.

दारात भावकी बसली होती. काकासाहेब खुर्चीवर, बाकीचे सतरंजीवर. सोमेश मला बघताच उठला आणि वाट अडवून उभा राहिला. "आत नेऊ नको ते." "सरक," मी म्हणाले. "ताई, पाया पडतो." तो खरंच वाकला, आणि तेवढ्यात आतून मायचा आवाज आला, "काय आणलंय गं?" मग सोमेश बाजूला सरकला. माय आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, मोकळे हात मांडीवर. स्मशानात जाण्याआधी बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या होत्या आणि मनगटावर ओरखडा अजून ताजा होता. मी फ्लेक्स तिच्यापुढे पसरला. तो पुरा पसरायला खोली पुरली नाही. एक टोक उंबऱ्याबाहेर गेलं, आणि भावकी ते टोक बघायला उठून दाराशी आली. माय फोटोवर वाकली. तिनं अण्णांच्या तोंडावरून हात फिरवला, मग घमेल्यावरून, मग स्वतःच्या हिरव्या बांगड्यांवरून. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "अभद्र हाय हे. जित्या माणसाला हार." काकासाहेब घसा खाकरून म्हणाले, "नंदाबाई, लेकीनं मायेपोटी केलं असंल, पण हे चौकात लावता यायचं न्हाई. लोक आधीच बोलून राह्यलेत. अन् खाली बिगारी काय लिव्हलंय? मयत माणसाची इज्जत असती."

माय फोटोवरून नजर न काढता म्हणाली, "काय बोलून राह्यलेत लोक?" तिचं बोट घमेल्यावर थांबलं. "सांगा की. माझ्या कानावर आल्तंच. मी त्याला घमेलं देऊन मारला म्हणून ना?" तिनं मान वर केली. "त्याच्या डोक्यावर घमेलं मी ठेवलं न्हाई. तो घ्यायचा. मी म्हणायची माणूस लावू, तो म्हणायचा, तुझ्या हाताखाली दुसरं कोण टिकतंय. अन् त्या दिशी त्यानं हाक मारली न्हाई. मारली असती तर मी परांचीवरून उडी टाकली असती. त्याची हाक मला मळणीयंत्राच्या आवाजातबी ऐकू आल्ती, मंग तिथं तर नुसतं ऊन व्हतं." मी विचारलं नव्हतं. तरी ते तिनं माझ्याकडे बघून सांगितलं, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी मी पुसलं नाही. सोमेश उंबऱ्यावर खाली बसला. "पण माय," तो लहान पोरासारखा म्हणाला, "तुला हार घातलाय गं यात." मायनं हार परत एकदा नीट बघितला. "मंग बरंच हाय की. लावा चौकात. तेरावं झालं की गुंडाळून माळ्यावर ठेवा, उंदीर लागू देऊ नका. माझ्या वक्ताला हाच लावायचा. नवा केलात अन् माझ्या डोस्क्यावर कुणी काही बांधलं, तर तिरडीवर उठून बसंन."

सोमेशच्या तोंडून हसू निसटलं. सुतकाच्या घरात, भावकीसमोर, तो हसला आणि मग दोन्ही हातांनी तोंड दाबून धरून रडायला लागला. मायनं त्याला रडू दिलं. ती उठली, पदर खोचला आणि उंबऱ्याशी आली. विधवा बाईनं दहाव्याच्या आत पुरुषांसमोर असं उभं राहायचं नसतं. दोघे-तिघे आपोआप मागं सरकले. काकासाहेब मात्र तिथंच राहिले.

"तेराव्यानंतर ती मागची भिंत पुरी करायची हाय," माय त्यांना म्हणाली. "त्या घराच्या मालकाचा निरोप आल्ता, दुसरा मिस्त्री बघू का म्हणून. मी न्हाई म्हणून सांगितलं. पण बिगारी पाहिजे मला. घमेलं उचलायला मानेत जोर लागतो, अन् बाईच्या हाताखाली राबायला त्याच्यापेक्षा जादा लागतो. गावात तसा एकच व्हता. तुम्ही मोकळेच असता काकासाहेब. येता का?"

कुणी हसलं नाही. मायही हसली नाही. ती उत्तराची वाट बघत उभी होती.